समेवरची थाप

कीर्तनाचा पूर्वरंग संपला. बुवांना हार घालायला यजमान उठले, तसा सार्थक खांबाआडून पेटीजवळ सरकला.

"मॅडम, दोन मिनिटं."

ऋजुताने पेटीचा भाता मिटला. कॉलेजात ती मातीतल्या जिवाणूंवर काम करायची. सार्थक दुसऱ्या कॉलेजातून तिच्या आकड्यांचं गणित बघायचा.

"अहो, इथे? उद्या बोललो असतो की."

"उद्या आपला पेपर जर्नलमध्ये छपाईला जाईल. हातोद आणि मानपूरच्या शेतांतल्या मातीच्या पिशव्यांवर चिठ्ठ्या उलट्या लागल्यात. जिवाणू आपण हातोदला टाकले. सोयाबीन निरोगी निघालं ते मानपूरचं, जिथे ते टाकलेच नव्हते."

चिठ्ठ्या तिनेच लावल्या होत्या. बढतीच्या मुलाखतीत तिला हाच पेपर दाखवायचा होता.

"नक्की?"

"पक्का है, मॅडम. मागच्या वर्षीच्या मातीशी ताडून बघितलं." तो खाली बघत राहिला. "फोनवर हिंमत नाही झाली. मागे एका सरांना असंच सांगितलं होतं. त्यांनी नंतर माझा फोनच उचलला नाही."



तिकडे रामभाऊ बुवांनी गळ्यात पडलेला हार लगेच काढला आणि तबल्यावरच्या गोपीनाथच्या गळ्यात घातला.

"मघाशी मी ताल सोडून पळालो होतो," बुवा समोरच्यांना म्हणाले, "तुम्हाला कळलं नसेल. यांनी समेवर अशी थाप दिली, की मुकाट परत आलो. माझा मान राखत बसले असते, तर अजून पळतच असतो, भिया."

लोक हसले. गोपीनाथ ओशाळून उगाच तबला सुरात लावू लागला.

ऋजुताने पदराने चष्मा पुसला, बराच वेळ.

"जर्नलला आज घरी गेल्यावर कळवते. पेपर मागे घेतोय म्हणून. चूक माझी, असंही लिहिते."

"आणि पुढचं काम?"

तिने शेजारची झांज उचलून त्याच्यापुढे धरली. "पुढचं गणितही तुम्हीच बघा. आत्ता उत्तररंगाला माझ्या मागे उभे राहा."

"मला ताल कळत नाही, मॅडम."

"हळू वाजवा. मी चुकतेय असं वाटलं, की हात थांबवा. मला कळेल."

बुवांनी चिपळ्या उचलल्या. सार्थक झांजेची दोरी बोटाला गुंडाळत उभा राहिला. त्याची नजर पेटीवरच्या तिच्या बोटांवर होती.