कुत्र्यांचा दिवस

वर्ला हचिंग्ज फाटकाशी आल्या तेव्हा पोहण्याच्या तलावात पंचवीस-तीस कुत्र्यांचा धिंगाणा चालला होता. दर वर्षी हंगाम संपला की पाणी सोडून देण्याआधी नगरपालिका एक दिवस तलाव कुत्र्यांना देते, तो आज होता. यंदा मात्र पाणी सोडलं की पुन्हा भरायचं नव्हतं. तलाव पाडायचं पिवळं यंत्र कुंपणापलीकडे येऊन उभंच होतं. महामार्गालगत छताखालचा नवा तलाव झाला होता, घसरगुंड्यांसकट.

फाटकावर ड्वेन होता. पंप आणि पाण्यातली औषधं सांभाळणारा, पन्नाशीचा, पोट सुटलेला.

"बाई, तुम्ही? आणि हे कुत्रं कुणाचं?"

"शेजारच्यांचं. मेबल. पाण्याला घाबरते बिचारी. म्हटलं, जरा शिकवावं."

ड्वेनने बाईंच्या गळ्याशी पाहिलं. कॉलरमधून पोहण्याच्या पोशाखाचा निळा पट्टा डोकावत होता. त्याने पाटीकडे बोट केलं. आज फक्त कुत्री. माणसांना पोहायला मनाई.

"वाचता येतं मला," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या.

पंचेचाळीस उन्हाळे त्यांनी इथे शहरातल्या पोरांना पोहायला शिकवलं होतं. हा उन्हाळा मोडलेल्या खुब्यापायी अंथरुणात गेला. रविवारी माणसांचा शेवटचा दिवस झाला, त्याचा गलका त्यांनी घरच्या खिडकीतून ऐकला. त्यांना फार काही नको होतं. एकदाच या टोकापासून खोल टोकापर्यंत जायचं, तिथल्या भिंतीला हात लावायचा आणि बस्स. त्या एका फेरीसाठी त्यांचा जीव तुटत होता.

पायऱ्या उतरून त्या गुडघाभर पाण्यात उभ्या राहिल्या. "ये मेबल, घाबरू नको हं," असं सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाल्या आणि आणखी एक पायरी उतरल्या.

तेवढ्यात पलीकडून कुणीतरी चेंडू फेकला. मेबलने काठावरून थेट उडी घेतली आणि बाईंकडे ढुंकूनही न पाहता झपाझप खोल टोक गाठलं. काठावरची माणसं खो खो हसली. बाईंचा बहाणा त्यांच्या डोळ्यांदेखत पोहत निघून गेला.

ड्वेन जवळ आला. "बाई, वर या. तुम्ही पोहणार, मला ठाऊक आहे. माझी नोकरी जाईल हो."

"उद्या तलावच जाणारे, गाढवा," बाई म्हणाल्या, पण वळल्या. कठडा धरून एक पायरी चढल्या आणि तिथेच थांबल्या. खोल टोकाच्या भिंतीवरून त्यांची नजर काही हलेना.

ड्वेनने बूट काढले. किल्ल्यांचा जुडगा एका बुटात टाकला.

"माझा धडा राहिलाय," तो म्हणाला. "सात वर्षांचा होतो. तुम्ही काठ सोड म्हणालात आणि मी रडत घरी पळालो."

"आणि तेव्हापासून नुसते पंप चालवतोस. अख्खं शहर हसतं तुला."

"हसू दे. पाटी काय म्हणते? पोहायला मनाई. मला कुठं पोहता येतं? आणि तुम्ही तर शिकवणार. सांगा, कुणी नियम मोडला?"

तो अंगावरच्या कपड्यांनिशी पाण्यात उतरला, छातीभर पाण्यात गेला आणि त्याने दोन्ही हातांनी काठ पकडला. बाई त्याच्या शेजारी आल्या. आजूबाजूने कुत्री पाणी उडवत चालली होती. बाईंनी उजवा हात त्याच्या पाठीखाली घातला.

"मान मागे टाक. पोट वर. अरे, श्वास घे की! हां. मी आहे."

ड्वेनचे पाय तळावरून सुटले. डोळे घट्ट मिटलेले, एक हात अजून काठावर.

"आता सोड काठ," बाई म्हणाल्या.

ड्वेनने एक डोळा उघडला. "आधी तुम्ही."

बाईंनी वळून पाहिलं. त्यांच्या डाव्या हाताने काठाची फरशी घट्ट धरून ठेवली होती, बोटं पांढरी पडेपर्यंत.