भिंतीवरची लाल अक्षरं

आणीबाणीत मानवत रस्त्यावरच्या आमच्या चावडीवर ठसठशीत लाल अक्षरांत सरकारी इशारा आला : 'नक्षलवाद्यांपासून सावध राहा. संशयिताची खबर ठाण्यात द्या.'

त्याच उन्हाळ्यात, बौद्धवाड्यालाही गावविहिरीचं पाणी मिळावं म्हणून सरजाबाईचा सूर्यभान चारचौघांत बोलला. गावातल्याच कुणीतरी खबर दिली, "पोरगं नक्षलवादी हाय." जीप आली, त्याला घेऊन गेली. पुढं आला तो फक्त निरोप, तापानं गेला म्हणून.

आणीबाणी उठली. नवे ग्रामसेवक मार्तंडराव चुन्याची बादली अन् गडी घेऊन इशारा पुसायला आले, तर सरजाबाई भिंतीला पाठ लावून उभी. हलायलाच तयार नाही.

"बाई, बाजूला व्हा," मार्तंडराव समजुतीनं म्हणाले. "ह्याच इशाऱ्यानं तुमचा लेक नेला म्हणतात. अन् तुम्हीच आडव्या येता?"

सरजाबाईनं वळून एका अक्षरावरून हळूच बोट फिरवलं.

"काय लिवलंय ते मला वाचता येत न्हाई, साहेब. पर रंगवलंय माझ्या सूर्यभानानं. त्याच्या हातचं आता एवढंच ऱ्हायलंय."