जयवंतसाठी प्रार्थना

"कोणत्या वॉर्डात हाय तुमचा जयवंत?" दानिएलनं विचारलं आणि दयाबाईंची बोबडीच वळली.

शिरूरच्या ख्रिस्ती मंडळीची बुधवारची प्रार्थनासभा नुकतीच आटोपली होती. दानिएल दौंडला रेल्वेत फिटर. मुंबईचा पास त्याच्या खिशातच. "शनिवारी निघालोय, मावशी. इस्पितळात जाऊन बघून येतो. आपल्या मंडळीचं माणूस म्हटल्यावर जायला नको व्हय?"

"उद्या सांगते," दयाबाई कशाबशा म्हणाल्या आणि तडक घरी आल्या.

सांगणार काय, कपाळ! जयवंत इस्पितळात होता हे खरं. त्याला गोळी लागली होती हेही खरं. पण हे सगळं घडलं होतं वाचनालयातल्या एका रहस्यकथेच्या शेवटच्या पानावर. डिटेक्टिव्ह जयवंत. छापील माणूस. पुढचा भाग अजून शिरूरला आलाच नव्हता.

मिशनच्या बोर्डिंगातल्या पोरांसाठी भाकऱ्या थापण्यात दयाबाईंचा जन्म गेला. लग्न केलं नव्हतं. बोर्डिंग बंद झालं, पोरं पांगली, आणि एका खोलीत त्या एकट्या उरल्या. मग वाचनालय सापडलं. खून कोणी केला याच्याशी त्यांना काडीचं देणंघेणं नव्हतं. त्यांना गोडी जयवंतची. हा बाबा पावसात भिजणार, भरल्या ताटावरून उठून चोराच्या मागं धावणार. "अरे, दोन घास खाऊन तरी जा की!" असं त्या पुस्तकाला दटावत. नवं पुस्तक उघडलं की हा पुन्हा हजर, तसाच्या तसा. दुसरं कोण येत होतं त्यांच्याकडे?

सभेत पाळक दर बुधवारी विचारत, "कोणासाठी प्रार्थना करायची?" कोणी परगावच्या मुलाचं नाव सांगे, कोणी बाळंतीण लेकीचं. दयाबाईंकडे सांगायला नावच नसे. त्या मान खाली घालून बसून राहत. पण मागच्या महिन्यातल्या एका बुधवारी पुस्तक मिटून तशाच सभेला आल्या होत्या, आणि तोंडातून निघूनच गेलं, "माझ्या जयवंतसाठी करा. गोळी लागलीय त्याला, मुंबईच्या इस्पितळात आहे."

मंडळीला वाटलं, भाचा असेल, पोलिसात असेल. सगळ्यांनी डोळे मिटले. इसहाकमास्तरांनी तर खड्या आवाजात अशी प्रार्थना केली, की दयाबाईंना रडू आवरेना. हे मास्तर म्हणजे मंडळीतले वडीलधारे, मिशनच्या शाळेतून निवृत्त झालेले, भलतेच कडक. कादंबऱ्या वाचणं म्हणजे सैतानाला पाट मांडणं, असं ते सगळ्यांना बजावत.

तेव्हापासून दयाबाईंचं दार वाजू लागलं. कृपाबाई गरम वरण घेऊन आली. सारा नुसतीच येऊन बसली. "कसा हाय जयवंत?" असं माणसं रस्त्यात थांबून विचारू लागली. खरं सांगावं असं अनेकदा ओठांवर आलं. पण सांगितलं की पुन्हा कोणी फिरकणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. आता तर देवासमोर खोटं बोलली म्हणून तोंड दाखवायला जागा उरणार नव्हती.

दानिएलला टाळलं त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दारात इसहाकमास्तर उभे. एकटेच.

"सलाम, दयाबाई."

"सलाम, मास्तर. या."

मास्तर पत्र्याच्या पेटीवर टेकले. "दानिएलला मी सांगितलंय, मुंबईत कुठं जायला नको. जयवंत घरी आलाय म्हणून."

"मास्तर, माझं चुकलं. तो जयवंत..."

"गोळी बरगडीला घासून गेली. दुसऱ्याच प्रकरणात शुद्धीवर येतो." मास्तरांनी कोटाच्या आतून एक नवंकोरं पुस्तक काढून त्यांच्या हातात ठेवलं. "दौंडच्या स्टेशनावरनं आणतो मी. इथं घेतलं तर लोक बघतात."

दयाबाई बघतच राहिल्या. "म्हणजे त्या बुधवारी तुम्हाला..."

"सगळं ठाऊक होतं. मीपण त्याच काळजीत होतो की!"

दयाबाईंना हसू फुटलं आणि डोळ्यांत पाणीही आलं. मास्तर मात्र हसले नाहीत. "खरं सांगू? जयवंत मला एवढा आवडत नाही. आततायी आहे. मला आवडते त्याची बहीण, मालती. कितीही उशीर होवो, भावासाठी जेवायची थांबते बघा. माझ्यासाठी थांबणारी गेली, तेव्हापासून मी ही पुस्तकं वाचतो." मग मास्तर चाचरत म्हणाले, "या भागात मालती बेपत्ता झालीय, दयाबाई. इतकी वर्षं मी सभेत आपला देशासाठीच प्रार्थना करायला सांगत आलो. या बुधवारी मालतीचं नाव सांगितलं, तर तुम्ही आमेन म्हणाल?"