शून्य ते दहा

चाचणीच्या खोलीचं दार उघडलं आणि धाकटा बाहेर आला. मनगटांवर वायरी चिकटवल्याच्या लाल खुणा होत्या. आत चांगला गारठा होता, तरी वरचा ओठ घामाने ओला.

बाकावर बसलेली थोरली बहीण ते पाहूनच उठली. ती एका धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करायची. आज अर्ध्या दिवसाची रजा टाकून आली होती. अकरा महिने त्याने गर्दला हात लावला नव्हता. नशा सुटलेल्या माणसाची ओढ पुन्हा कशी चाळवते, याचा इथे अभ्यास चालला होता. व्यसनमुक्ती केंद्राने गळ घातली, तेव्हा तिनेच त्याला तयार केलं होतं. म्हणाली होती, आपलं भोगणं कुणाच्या तरी कामी येऊ दे.

आत काय झालं ते त्याने तुटक तुटक सांगितलं. आधी विचारलं, आत्ता किती ओढावंसं वाटतंय, शून्य ते दहा? तो म्हणाला, एक. मग चंदेरी कागद आणि लायटर हातात धरायला लावले. पडद्यावर एक माणूस ओढताना दाखवला. पुन्हा विचारलं. तो म्हणाला, नऊ.

मागोमाग संशोधक बाई आल्या. आलेख फार सुरेख आलाय म्हणाल्या, आभार मानले आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

"आणि ह्याचं काय?" थोरलीने विचारलं.

समुपदेशक आज रजेवर आहेत, उद्या फोन करतील, असं कळलं. तासाभरात आपोआप ओसरतं म्हणे.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ओढ उतरेपर्यंत माणसाला एकटं सोडणार नाही, असं संमतीपत्रात छापलं होतं. सहीआधी तिने बोट ठेवून शब्दन् शब्द वाचला होता. बसथांब्याच्या कोपऱ्यावर माल कोण विकतं, ते तिला ठाऊक होतं. त्यालाही.

तिने त्याला दंडाला धरून परत आत नेलं, खुर्चीत बसवलं, टेबलावरचं सामान खणात कोंबलं. बाई आत आल्या तशी दार लावून त्याला पाठ टेकून उभी राहिली.

"तुम्ही पेटवलंत," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "आता विझेपर्यंत बसा."

बाईंनी वेळापत्रक पुढे केलं, मग वरिष्ठांचं नाव घेतलं, मग शिपायाला बोलावते म्हणाल्या. ती तसूभर हलली नाही. शेवटी बाई बसल्या.

दर दहा मिनिटांनी तिने त्यांना आकडा विचारायला लावला. नऊ. नऊ. आठ. फॉर्मवर या आकड्यांना रकानाच नव्हता, म्हणून बाई मागच्या कोऱ्या बाजूला लिहीत गेल्या. मध्येच त्यांनी न सांगता पाण्याचा पेला त्याच्यापुढे सरकवला. बाहेरचा माणूस कंटाळून निघून गेला.

चौथ्या खेपेला धाकटा हसला.

"तीन," तो म्हणाला. "खरंच, मॅडम. ताई, तू जा गं आता, उगाच खाडा पडेल. मी जातो सरळ घरी. माझी शहाणी ताई ना तू?"

बाईंनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि पेन कागदावर टेकवलं.

गेल्या अकरा महिन्यांत तो तिच्याशी इतकं गोड कधी बोलला नव्हता. त्याआधी मात्र रोज बोलायचा.

"दहा लिहा, मॅडम," ती म्हणाली.