एक कोटी एकोणऐंशी

गेलेल्यांचे आवाज जपणाऱ्या स्वरागारातल्या बाई हळूच म्हणाल्या, “श्रीरंगराव, दोनदा चुकलात. आता चुकाल, तर वडिलांचा आवाज कायमचा पुसला जाईल.”

आवाज उघडण्यासाठी त्याने दोन्ही वेळा दाबलेला क्रमांक होता १,००,००,०८९. अप्पांनी जाण्यापूर्वी तो तोंडीच सांगितला होता. “एक कोटी एकोणऐंशी. मूळ संख्या आहे, कशानेही भागायची नाही.”

श्रीरंगने अंकांची बेरीज केली. अठरा! ही तर तीनने भागली जात होती.

त्याच्या पिढीला शाळेत ‘सत्तर नऊ’, ‘ऐंशी नऊ’ असे शिकवले होते; ‘एकोणऐंशी’तली ऐंशी ऐकून त्याने ८९ धरले होते. जुनी संख्यानामे अप्पांच्या ओठांवरच उरली होती. पेरूच्या दहा फोडींतली एक स्वतःच्या तोंडात टाकून ते म्हणत, “एकोण म्हणजे एक उणा, गाढवा!”

त्याने शेवटी ७९ दाबले.

“एकोणऐंशीला अडखळला असशील,” अप्पांचा आवाज हसला, “गाढवा.”