कोणाची आई

“आता कांदिवलीच्या ‘ओंजळ’ने पुढे यावं,” जान्हवीताई माईकवरून म्हणाल्या, आणि प्रेमा उठून उभी राहिली.

अंधेरीचा तो हॉल गच्च भरला होता. अपंग मुलांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी झटणाऱ्या मुंबईभरच्या संस्थांचं हे नेटवर्क. आज त्यात ओंजळची भर पडायची होती. ओंजळ म्हणजे काय, तर गणपती मंडळाच्या खोलीत दुपारी आपापली मुलं घेऊन जमणाऱ्या पाच आया. एकीच्या मुलाचे हातपाय दुसरीने चोळायचे, तिसरीने चहा टाकायचा, चौथीने तेवढ्यात बाजार उरकून यायचा. एवढीच ती संस्था.

नेटवर्कमध्ये येताना हारतुरे नव्हते की भाषणं नव्हती. रीत एकच. उभं राहायचं आणि आपण कोणाचे ते सांगायचं. मघापासून प्रेमा ऐकत होती. मी मिथुनचा बाबा. मी स्वरदाची आई. मी चेतनाची आजी. मग अख्खा हॉल त्याच नावाने हाक मारून “या” म्हणायचा. ती हाक प्रेमाला हवी होती. गंधाली जन्मल्यापासून हवी होती.

गंधालीची चाकांची खुर्ची ढकलत ती पुढे गेली. माईक हातात आला.

“मी सुयोगची आई.”

“या, सुयोगची आई!” हॉल गरजला.

जान्हवीताईंनी गंधालीचा गाल कुरवाळला. “आणि सुयोगला नाही का आणलंत?”

“तो कॉलेजला गेलाय,” प्रेमा म्हणाली, आणि मग कुठे तिच्या लक्षात आलं. सुयोग तिचा थोरला, चांगला धडधाकट. बिल्डिंगमध्ये, भाजीवाल्याकडे, गावच्या जत्रेत, सगळीकडे तिला त्याच्याच नावाने हाक मारत. त्यात कोणाच्या मनात काळंबेरं नव्हतं. उलट जपूनच बोलायचे सगळे, उगाच हिचं मन दुखायला नको म्हणून. तीही इतकी वर्षं निमूट ओ देत आली, आणि आज नको तिथे नेमकं तेच तोंडातून निघालं.

तिने खाली पाहिलं. गंधालीला बोलता येत नसे, कळायचं मात्र सगळं. ती रुसली नव्हती. दचकलीसुद्धा नव्हती. तिलाही सवय झाली होती. प्रेमाने माईक पुन्हा तोंडाशी नेला.

“चुकलं माझं,” ती म्हणाली. “मी हिची आई. गंधालीची.”

“या, गंधालीची आई!”

गंधाली खुर्चीच्या दांड्यावर हात आपटायला लागली. खूश झाली की ती असंच करायची. बराच वेळ थांबलीच नाही.

संध्याकाळी बिल्डिंगच्या फाटकातून खुर्ची आत घेताना वरच्या गॅलरीतून विमलाकाकूंचा आवाज आला. “अगं सुयोगची आई, गेलीवतीस कुठे? दुपारपासून कुलूप!”

गंधालीने वर पाहिलं. प्रेमाने पाहिलं नाही.

“ए सुयोगची आई! ऐकू येत नाही का गं?”

प्रेमा जिन्यापाशी थांबली. खुर्ची वर चढवायला काकूंचाच हात लागायचा, रोज लागायचा. तरी ती मान खाली घालून, गंधालीच्या खांद्यावर हात ठेवून, तिसऱ्या हाकेची वाट बघत उभी राहिली.