शिंप्याची मंडळी

"चर्चचा इतिहास लिही, पण जुन्या वह्या उघडू नकोस," पाळकीणबाई म्हणाल्या होत्या. "मेलेले गप्प पडलेत. त्यांना उठवशील आणि जिवंत अंगावर येतील." मी हसण्यावारी नेलं.

शनिवारी चर्चच्या पंचांची बैठक भरली. सासरेही पंच; मला बाप्तिस्म्यांची जुनी वही घेऊन बोलावलं होतं. विषय एकच: चर्चमागची खोली पाडून संस्थापकांच्या नावाचं सभागृह बांधायचं. त्या खोलीत मावशी राहतात. चाळीस वर्षं चर्च झाडतात, प्रभुभोजनाचे पेले धुतात. पेले पुसत त्या कोपऱ्यात उभ्याच होत्या. त्यांना कुणी बसा म्हटलं नाही, जा असंही नाही.

मुख्य पंच उठले. "माझे पणजोबा शिंपी. त्यांनीच ही मंडळी, हे आपलं चर्च, उभं केलं. वहीतली पहिलीच ओळ आहे. 'पहिला बाप्तिस्मा, शिंप्याची मंडळी.' आणखी काय पुरावा पाहिजे?"

बाळाला खांद्यावर टाकून मी वही पुढे सरकवली. "काका, ओळ पुरी वाचा. 'शिंप्याची मंडळी, कडेवर मुलगी. नवऱ्याने घराबाहेर काढले. चर्चमागे खोली दिली.'"

"मग?"

"मग मंडळी म्हणजे बायको, काका. पणजोबांचा बाप्तिस्मा पान चाळीसवर आहे. तेरा वर्षांनी."

"ती कडेवरची माझी आजी," मावशी म्हणाल्या.

"तुला विचारलंय कुणी?"

मी पान चाळीस उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. नसतं वाचलं तर बरं झालं असतं. "'शिंपी, सोबत दुसरी मंडळी.'"

मावशींनी पेला उजेडात धरून पाहिला. "म्हणजे साहेब, तुम्ही दुसऱ्या मंडळीचे. मग सभागृह तिकडेच बांधा की."

खजिनदार फिसकन हसला. मग आणखी दोघं.

तेवढं हसू पुरलं. पंचांनी वही मिटून काखेत मारली. "सोमवारी खोली रिकामी. नाहीतर सामान रस्त्यावर." मग माझ्या सासऱ्यांकडे वळले. "आणि तुमची ही शिकलेली सून घरात बसवा. पोर सांभाळू दे."

सासरे बुटांकडे बघत राहिले. पाळकसाहेब छताकडे बघत म्हणाले, "आपण प्रार्थनेनं संपवू या." सगळ्यांनी डोळे मिटले. मी मिटले नाहीत. मावशींनीही नाही. त्या उरलेले पेले पुसत होत्या.

सोमवारी चर्चच्या फाटकाला नवं कुलूप लागलं. रस्त्यावर सामान काही आलं नाही. मावशीही नाही.

आज बुधवार. फाटकातून खोलीचं दार दिसत नाही, नुसती वाळत घालायची दोरी दिसते. तिच्यावरची चादर शनिवारपासून कुणी काढलेली नाही. मी हाका मारते, तर राखणदार म्हणतो, "ताई, तुम्हाला आत सोडायचं नाही असं सांगितलंय."

तुम्हाला सोडेल तो. तुम्हाला कोण ओळखतं तिथं? जरा जाऊन दार वाजवता का?